नुसतं मोठं मशीन घेऊन गाडीचा सांगाडा ओतता येत नाही

एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. ते ८०० टनांच्या प्रेशर डाय कास्टिंग मशीनवर, म्हणजे वितळलेलं अॅल्युमिनियम दाबाने साच्यात (डायमध्ये) भरणाऱ्या मशीनवर, गिअरबॉक्सची हाउसिंग (बाहेरचं कवच) काढतात. टेस्ला आणि काही चिनी कंपन्या ६,००० ते ९,००० टनांच्या मशीनवर गाडीचा मागचा अख्खा भाग एका शॉटमध्ये, म्हणजे डायच्या एकाच भरणीत, काढतात, हे त्यांनी पाहिलंय. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: हे आपल्याच कामाचं मोठं रूप आहे का, तेवढं मशीन आणलं तर आपल्याकडे जमेल का, आणि असा भाग अपघातात तुटला तर काय करायचं.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर "नाही" असं आहे, आणि बाकीची दोन्ही उत्तरं त्यातूनच निघतात. माझं सगळं काम पुणे आणि वाळूजच्या पट्ट्यात अॅल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंगमध्ये झालं. शेवटची काही वर्षं शॉक टॉवर (शॉक अॅब्सॉर्बर बसतो तो भाग) यासारखे सांगाड्याचे भाग करण्यात गेली. त्यामुळे हाउसिंग आणि सांगाडा यांच्यातला फरक मला मशीनच्या आकारात दिसत नाही, धातूत दिसतो.

आधी टनेज उरकून टाकू, कारण बातम्यांमध्ये तोच आकडा येतो. लॉकिंग फोर्सचा, म्हणजे डाय बंद धरायच्या जोराचा, हिशेब तुम्ही रोज करता तोच आहे. मागच्या अंडरबॉडीचं (गाडीच्या तळाच्या भागाचं), रनर (रस म्हणजे वितळलेला धातू आत नेणारी वाट) आणि ओव्हरफ्लो (जादा रसाचे कप्पे) धरून, प्रोजेक्टेड म्हणजे समोरून दिसणारं क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर, म्हणजे १२,००० चौरस सेंटिमीटर धरा. इंटेन्सिफिकेशनचा, म्हणजे डाय भरल्यावर दिलेला शेवटचा, दाब ४०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरा. डाय उघडायला बघणारा जोर झाला ४८ लाख किलो, म्हणजे ४,८०० टन. त्यावर वीसेक टक्के मार्जिन ठेवलं की ६,००० टनांचं मशीन का लागतं ते कळतं. भाग मोठा झाला की ८,४०० किंवा ९,००० टन लागतात. यात गूढ काही नाही.

इतिहासही थोडक्यात. इटलीत ब्रेशियाजवळ त्राव्हालियातो इथे इड्रा नावाची कंपनी आहे, हाँगकाँगच्या एलके टेक्नॉलॉजीच्या मालकीची. तिचं ६,१०० टनांचं मशीन टेस्लाने २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात बसवलं. सुमारे वीस मीटर लांब आणि चारशे टनांच्या वर वजन. मॉडेल थ्रीच्या मागच्या भागात पत्र्याचे, ओतीव, एक्स्ट्रूड केलेले असे सत्तरएक तुकडे जोडलेले होते. मॉडेल वायमध्ये ते आधी दोन कास्टिंगवर आणि मग एका कास्टिंगवर आले. पुढे टेक्सास आणि बर्लिनमध्ये पुढचा भागही तसाच ओतला गेला. व्होल्वोने २०२२ मध्ये स्वीडनमधल्या तोर्सलांदाच्या कारखान्यासाठी १,००० कोटी स्वीडिश क्रोनरची गुंतवणूक जाहीर केली, त्यात हेच तंत्र होतं, आणि त्यासाठी ब्यूलर या मशीन बनवणाऱ्या कंपनीची ८,४०० टनांची दोन मशीन घेतली. शाओमीच्या एसयू७ चा मागचा भाग ९,१०० टनांच्या मशीनवर निघतो आणि ७२ तुकड्यांची जागा घेतो.

आता मुद्द्यावर येतो.

तुमचा माल बहुतेक एडीसी १२, म्हणजे डाय कास्टिंगचा नेहमीचा अॅल्युमिनियम मिश्रधातू, असणार. त्यात लोह एक टक्क्याच्या आसपास असतं आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर रस डायला चिकटतो, सोल्डरिंग होतं. पण हेच लोह अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनबरोबर सुईसारखे लांबट, ठिसूळ स्फटिक तयार करतं. धातूवर ताण आला की तडा त्या सुयांपासून सुरू होतो. म्हणून एडीसी १२ चं इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जाणं, एक ते तीन टक्के मिळतं. गिअरबॉक्स हाउसिंगला तेवढं पुरतं, कारण तिने गळू नये आणि बोअर मापात राहावं एवढीच आपली अपेक्षा असते. ती वाकून ऊर्जा शोषेल असं कुणी धरत नाही.

सांगाड्याच्या भागाने मात्र वाकायचं असतं. मागून धडक बसली तर त्याने काचेसारखं फुटून चालत नाही. शेजारच्या स्टीलच्या पत्र्याला तो सेल्फ पिअर्सिंग रिव्हेटने (आधी भोक न पाडता ठोकलेल्या रिव्हेटने) जोडतात. त्या रिव्हेटखाली धातू पुरेसा ताणला गेला नाही, तर मागच्या बाजूला उठणाऱ्या बटनाला (फुगवट्याला) तडे जातात. मोठ्या धडकेआधीच, जोडणीच्या ओळीवर, हा धातू पास की नापास ते ठरतं. म्हणून इथे AlSi10MnMg कुळातले, म्हणजे सिलिकॉन, मँगनीज आणि मॅग्नेशियम असलेले मिश्रधातू वापरतात. सिलिकॉन दहा टक्क्यांच्या आसपास, लोह ०.१५ ते ०.२ टक्क्यांच्या खाली. लोह काढल्यावर चिकटण्याचा प्रश्न उरतो, तो ०.५ ते ०.८ टक्के मँगनीज घालून सोडवतात. सिलिकॉनचे स्फटिक बारीक आणि गोलसर व्हावेत म्हणून स्ट्राँशियम, तेही शंभर-दोनशे पीपीएम इतकंच.

कागदावर हे सोपं वाटतं, पण शॉपफ्लोअरवर लोह चहूबाजूंनी आत शिरत असतं. भट्टी ढवळायची उघडी लोखंडी सळई, कोटिंग उडालेला लॅडल (रस ओतायचा पळा), झिजलेली स्लीव्ह (जिच्यातून रस डायमध्ये ढकलतात ती नळी), पलीकडच्या लाइनचा एडीसी १२ चा रनर चुकून या लाइनच्या रिटर्नमध्ये (पुन्हा वितळवायच्या मालात) पडणं. तुमच्या आजच्या शॉपमध्ये यातलं काहीही घडलं तरी रिजेक्शन वाढणार नाही. सांगाड्याच्या कामात मात्र इलाँगेशन घसरतं, आणि एक्स-रेमध्ये ते दिसतही नाही. स्ट्राँशियम उलट दिशेने त्रास देतं. रस भट्टीत धरून ठेवला की ते जळून कमी होत जातं. म्हणजे सकाळच्या पहिल्या शॉटचा आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या शॉटचा धातू एकच राहत नाही. मोठं मशीन घेऊ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, "तुमचं मेल्टिंग वेगळं आहे का? रिटर्न वेगळं ठेवता का? धातूतले घटक मोजायला स्पेक्ट्रोमीटर दर किती वेळाने लावता?" उत्तर अडखळत आलं तर मशीनच्या गप्पा तिथेच थांबवाव्यात असं माझं मत आहे.

दुसरी अडचण उष्णतोपचाराची. मला विचाराल तर सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

सांगाड्याचे ओतीव भाग नवे नाहीत. ऑडीने १९९४ च्या ए८ मध्ये अॅल्युमिनियमची स्पेस फ्रेम आणली, तिच्या सांध्यांवर व्हॅक्यूम डाय कास्टिंगचे नोड होते. त्यानंतरची कितीतरी वर्षं जर्मन गाड्यांचे शॉक टॉवर असेच निघाले. त्यांना कास्टिंगनंतर उष्णतोपचार देत: ४६० ते ४९० अंशांवर तापवायचं, हवेच्या झोताने थंड करायचं, मग एजिंग (कमी तापमानाला पुन्हा काही वेळ ठेवणं). इलाँगेशन त्यातूनच दहा टक्क्यांच्या वर जायचं. अर्धा मीटर लांबीच्या शॉक टॉवरला हे परवडतं. तो थोडा वाकडा झाला तर प्रेसवर सरळ करता येतो. दीड मीटर लांब, अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या जाळीदार भागाला ४८० अंशांवर नेऊन पटकन थंड करा, तो पापडासारखा वाकडातिकडा होईल आणि त्याला मापात आणणं जवळजवळ अशक्य होईल. शिवाय आत हवा अडकलेली असेल तर त्या तापमानाला ती फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात.

म्हणून इतक्या मोठ्या कास्टिंगचा रस्ता उघडला तो उष्णतोपचाराविना लवचिक राहणाऱ्या मिश्रधातूंनी. राइनफेल्डन या कंपनीचा कास्टासिल-३७ त्यातला जुना. अल्कोआनेही असा मिश्रधातू आणला. टेस्लाने आपला स्वतःचा बनवला आणि सप्टेंबर २०२० च्या बॅटरी डे या आपल्या कार्यक्रमात त्याबद्दल उघडपणे सांगितलं. लोक त्या दिवसातलं बॅटरीचं लक्षात ठेवतात, मला हे वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं होतं. यातली खोच मॅग्नेशियममध्ये आहे. बॉडी रंगवल्यावर ओव्हनमध्ये १८० अंशांच्या आसपास भाजली जाते. मिश्रधातूत मॅग्नेशियम जास्त असेल तर त्या भाजण्यातच तो कडक होतो, यील्ड (कायमचं वाकायला लागणारा ताण) वाढतं आणि लवचिकता घटते. कास्टिंग शॉपमधून पास होऊन गेलेला भाग पेंट शॉपमधून बाहेर येताना वेगळा झालेला असतो. तेव्हा टेस्ट कूपन (तपासणीचा नमुना) नेहमी भाजून तपासा. मिलच्या सर्टिफिकेटवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

आता भरण्याकडे या. गेटवर, म्हणजे रस कॅव्हिटीत (डायच्या पोकळीत) शिरतो त्या तोंडावर, रसाचा वेग सेकंदाला ३० ते ६० मीटर. अख्खी कॅव्हिटी भरायला सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वेळ. तेवढ्यात रसाला गेटपासून मीटरभर किंवा जास्त जायचं असतं. जाता जाता तो थंड होतो, त्याच्या तोंडावर ऑक्साइडची साय धरते, आणि दोन प्रवाह लांबवर भेटतात तिथे ती साय आत अडकते. त्यामुळे एकाच कास्टिंगच्या दोन टोकांना दोन वेगळे धातू असल्यासारखे गुण मिळतात. गेटजवळ कापलेला टेन्साइल नमुना आणि टोकाजवळचा नमुना यांच्या इलाँगेशनमध्ये निम्म्याचा फरक पडू शकतो. डिझायनरला हे आधीपासून माहीत हवं. जिथे धडक झेलायची आहे तो भाग गेटच्या जवळ येईल असं रनरचं नियोजन करतात, आणि सगळ्यात जास्त चेपायचा भाग कास्टिंगमध्ये ठेवतच नाहीत. तिथे एक्स्ट्रूजनचा क्रश कॅन (धडकेत चेपण्यासाठीच असलेला डबा) बोल्टने लावतात. कास्टिंग डिझाइन करणारा, डाय करणारा आणि क्रॅशचं सिम्युलेशन करणारा असे तिघे पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसले नाहीत, तर हा भाग कधीच नीट निघत नाही.

आत हवा अडकू नये म्हणून लावायच्या व्हॅक्यूमचं म्हणाल तर साध्या चिल व्हेंटवर (हवा बाहेर सोडणाऱ्या खाचांवर) इथे भागत नाही. कॅव्हिटीतला दाब ५० मिलिबारच्या खाली न्यावा लागतो. त्यासाठी डायची पार्टिंग लाइन, स्लाइड, इजेक्टर पिना सगळं सील करावं लागतं. स्प्रेचं पाणी डायवर राहिलं तर त्याची वाफ व्हॅक्यूम खाऊन टाकते. म्हणून स्प्रे कमीत कमी मारायचा, आणि मग डायची उष्णता आतल्या वाहिन्यांमधूनच काढावी लागते.

ती उष्णता किती असते याचा अंदाज घेऊ. ८० किलोचा शॉट धरा. रस ७०० अंशांवरून ३०० अंशांपर्यंत येताना, गोठण्याची सुप्त उष्णता धरून, किलोमागे साधारण ८०० किलोज्यूल सोडतो. शॉटला ६४ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास १८ युनिट विजेइतकी उष्णता. दर ९० सेकंदांनी एक शॉट, म्हणजे डायमधून सतत सातशे किलोवॅट बाहेर काढायचे, तेही सगळीकडून सारखे. सारखे का, तेही पाहा. अॅल्युमिनियम अंशाला मीटरमागे सुमारे २१ मायक्रॉन आकसतं. दीड मीटरच्या भागाची एक बाजू डायमधून बाहेर पडताना दुसरीपेक्षा ५० अंशांनी गरम असेल, तर थंड झाल्यावर दीड मिलिमीटरचा फरक पडतो. बॉडी शॉपला ते चालत नाही. ८०० टनांच्या मशीनवर आपण डायच्या कुलिंगकडे सायकल टाइम कमी करण्याचं साधन म्हणून बघतो, इथे भागाचा आकारच त्यावर ठरतो. डायमध्ये तापमानाचे कितीतरी स्वतंत्र झोन, प्रत्येकाचं तेल किंवा पाणी वेगळं, बारीक कोअरमध्ये जेट कुलिंग, प्रत्येक वाहिनीचा प्रवाह मोजलेला. एक वाहिनी क्षाराने अर्धी बुजली तर तिचा परिणाम मीटरभर लांबच्या लोकेटिंग पॉइंटवर दिसतो. पाण्याची शुद्धता हा आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष मिळणारा विषय आहे, आणि मला त्याची फार काळजी वाटते.

खर्चाचं गणित. ९० सेकंदांचा सायकल, म्हणजे तासाला ४०. चोवीस तास आणि ७५ टक्के उपलब्धता धरली तर दिवसाला ७२०. तीनशे दिवसांचे झाले दोन लाखांच्या वर. म्हणजे एका मशीनला एकाच मॉडेलच्या वर्षाला दोन लाख गाड्या लागतात, तेव्हा ते पोटभर चालतं. डाय शंभर टनांच्या घरातली असते आणि चांगली चालली तर लाखभर शॉट देते, मग हीट चेकिंगने पृष्ठभाग जाळीदार होतो. म्हणजे वर्षाला दोन डाय. बदल्यात बॉडी शॉपमधले रोबो, वेल्डिंगची फिक्स्चर, प्रेसची टूल आणि त्यांची जागा वाचते. नवा कारखाना उभारताना ही बचत खरी असते. ज्याचा बॉडी शॉप आधीच उभा आहे आणि ज्याचा घसारा निघून गेलाय, त्याला ती मिळत नाही. जुन्या कंपन्या सावकाश चालतात, त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

टोयोटाने २०२३ मध्ये मागच्या भागाचा नमुना दाखवला, ८६ तुकडे आणि ३३ प्रक्रियांच्या जागी एक कास्टिंग. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त पटली. एवढी डाय बदलायला साधारण एक दिवस जातो. त्यांनी डायचा कायमचा भाग आणि बदलायचा भाग वेगळा करून तो वेळ २० मिनिटांवर आणल्याचं सांगितलं. एकाच मशीनवर वेगवेगळी मॉडेलं काढायची असतील तर वाट हीच आहे. उलट, अख्खा तळ एकाच तुकड्यात ओतायच्या प्रयत्नातून टेस्लाने माघार घेतल्याची बातमी रॉयटर्सने मे २०२४ मध्ये दिली: पुढे एक, मागे एक आणि मधे पत्रा व एक्स्ट्रूजनचा भाग, हीच तीन तुकड्यांची रचना ठेवली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. मधला भाग सपाट आणि सरळ असतो. तो पत्र्यातच स्वस्त पडतो. कास्टिंगचा फायदा तिथे आहे जिथे सस्पेन्शनचे माउंटिंग, रिब आणि वळणं एका ठिकाणी गर्दी करतात.

दुरुस्तीच्या प्रश्नात भीती आणि तथ्य दोन्ही आहे. बारीक धडकेत पुढचा क्रश कॅन चेपतो, तो बोल्ट काढून बदलता येतो. कास्टिंगला धक्का लागत नाही. जोराच्या धडकेत कास्टिंगला तडा गेला तर तो वेल्ड करून गाडी रस्त्यावर आणणं चुकीचं आहे. वेल्डच्या आजूबाजूचा धातू आतून काय झालाय ते गॅरेजमध्ये कळत नाही, आणि अडकलेला वायू वेल्डमध्ये पोरोसिटी करतो. ओतीव अॅल्युमिनियम ठोकून सरळही करू नये. पत्र्यासारखं ते परत येत नाही, आतल्या आत तडकतं. कंपनीने कापायच्या रेषा आणि बदली तुकडा दिला असेल, तर तेवढा भाग कापून चिकटवण आणि रिव्हेटने नवा बसवता येतो. तसं दिलं नसेल तर पुष्कळदा विमा कंपनी गाडी मोडीत काढते. म्हणजे दुरुस्ती होणार की नाही, हे गॅरेजमध्ये जायच्या कितीतरी आधी, डिझायनरने कापायची रेषा आखली का यावर ठरतं. गाडी घेणाऱ्यांनी हा प्रश्न शोरूममध्ये विचारायला हवा. उत्तर लेखी मागावं.

पर्यावरणाच्या हिशेबात एक गोष्ट कमी बोलली जाते. कमी लोहाचा हा मिश्रधातू आजही बराचसा प्राथमिक अॅल्युमिनियमपासून होतो, आणि स्मेल्टरमध्ये किलोला १३ ते १५ युनिट वीज लागते. तुमचा एडीसी १२ मात्र भंगारातून येतो. जास्त लोह सहन करणारा, तरीही लवचिक असा भंगारातला मिश्रधातू हे येत्या काळातलं खरं संशोधनाचं काम आहे. तुम्ही पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या.

शेवटी तुमच्याकडे जमेल का. आपल्याकडे वर्षाला दोन लाख विकल्या जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत आणि त्यांचे बॉडी शॉप उभे आहेत, म्हणून सहा हजार टनांची घाई मला पटत नाही. पण चाकण, पिंपरी-चिंचवड आणि वाळूजच्या टूल रूममधली कारागिरी कमी नाही. मधल्या पायऱ्या चढल्याशिवाय वर जाता येत नाही, एवढंच. १,६०० ते ३,००० टनांवर शॉक टॉवर, बॅटरी ट्रे किंवा सबफ्रेमचे भाग घ्या. आणि मशीन यायच्या आधी, आजच्या ८०० टनांवर, हे सुरू करा: एक छोटी वेगळी भट्टी, त्यात फक्त कमी लोहाचा मिश्रधातू, रोटरने डीगॅसिंग (रसातला वायू काढणं), दर बॅचला रिड्यूस्ड प्रेशर टेस्टने डेन्सिटी इंडेक्स (रसात वायू किती उरलाय त्याचा अंदाज). तीन मिलिमीटर जाडीच्या सपाट प्लेटची एक साधी डाय करा, व्हॅक्यूम लावा. प्लेट गेटजवळून, मधून आणि टोकाकडून कापून प्लेट बेंडिंग टेस्टला लावा, अर्धे नमुने ओव्हनमध्ये भाजून आणि अर्धे तसेच. तिन्ही ठिकाणचे वाकण्याचे कोन तक्त्यावर मांडा आणि ते महिनाभर, पाळी बदलली तरी, ऑपरेटर बदलला तरी, जवळजवळ सारखे येतात का बघा. कोन कुठे आणि कोणत्या दिवशी घसरला ते लिहून ठेवत गेलात, की तुमच्या शॉपमध्ये लोह कुठून शिरतं आणि स्ट्राँशियम कधी संपतं ते तुम्हाला कळायला लागेल. तो तक्ता घेऊन कुठल्याही गाडीवाल्या कंपनीच्या डिझाइन विभागात जा, ते तुमच्याशी टनेजबद्दल बोलायच्या आधी त्याबद्दल बोलतील.